पाठीवरचा खिसा

भाऊजी, तुमचं पुस्तक आलं.

तेरवी उरकून पाहुणे अजून पुरते पांगलेही नव्हते. भाड्यानं आणलेले गंज आणि पराती अंगणात पालथ्या पडल्या होत्या, आणि मी त्यांच्यात आपलं घरचं एक झाकण शोधत होतो, कारण भांडीवाला ते घेऊन जाणार असा मला दाट संशय होता. तेवढ्यात शेंडे पोस्टमन आला. एरवी तो फाटकातूनच ओरडायचा, "गुलाबराव, आफ्रिका आली जी." या खेपेला त्यानं घंटीही वाजवली नाही. सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि खाकी कागदात गुंडाळलेला तो ठोकळा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मास्तर, हे आता कोणाले देऊ? नाव तर त्यायचंच हाय."

मी घेतला. घेताना मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मला वाटलं, हे नेमकं आजच कसं आलं? इतक्या लांब, समुद्रापलीकडे, हे पाठवणाऱ्यांना कोणी कळवलं? तुम्ही असता तर डोळे बारीक करून म्हणाला असता, "मास्तर, मेल्यावरही पाळत ठेवून राह्यले का?" हो जी, ठेवून राह्यलो. आबांनी माझ्या नावावर फारसं काही केलं नाही, पण आपला संशयी स्वभाव मात्र अख्खा देऊन गेले, वाटणी न करता.

पुस्तक मी न फोडता तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवलं. तुमच्या नावाचं पुस्तक तुमच्या आधी कोणी फोडायचं नाही, ही शिस्त तुम्हीच लावली होती. आम्ही आपले तुम्ही फोडलं की मागून चोरून पाहायचो.

पहिलं पुस्तक आलं ते आणीबाणीच्या आधीच्या हिवाळ्यात. मी तळेगावहून सुटीत घरी आलो होतो. आल्या आल्या आबांनी मला गोठ्यामागे नेलं आणि हळूच म्हणाले, "जावयाले इदेशी डाक आली. पाहून घे जरा."

आबांचं म्हणणं समजायला आपल्या घराची मांडणी आठवावी लागते. मी एकुलता एक मुलगा, आणि मी तळेगावच्या शाळेत मास्तर होऊन निघून गेलो. मागे नाचणगावात उरले आबा, ताई, विहीर आणि भाजीपाल्याचा मळा. म्हणून ताईचं लग्न करताना आबांनी घरजावई शोधला. तुम्ही नदीपलीकडचे, चार भावांत धाकटे, शेत एवढंसं. एक पत्र्याची पेटी घेऊन आलात आणि आमच्या वांग्यांना पाणी देऊ लागलात. घरजावई म्हणजे गावाची फुकटची करमणूक. जो तो वाट पाहतो, हा कधी उठून जातो. आबा तर उघडच म्हणायचे, "जो सासरी राहाले येते, थो एक दिवस जातेच. कवा जाते, तेवढं पाहाचं." त्यात तुम्हाला मूलबाळ झालं नाही, म्हणजे पायात तीही दोरी नाही. तुम्ही गेला असता तर ताईचं काय झालं असतं, हा प्रश्न सगळ्यांना पडलेला असायचा. मला त्याच्या जोडीला आणखी एक पडायचा. तुम्ही गेला असता तर मला खडू टाकून विहिरीवर परत यावं लागलं असतं. तेव्हा तुमच्यावर नजर ठेवण्यात बहिणीची माया होती हे खरं, पण पगारी नोकरीची मायाही कमी नव्हती.

आणि अशा माणसाच्या नावानं आलं काय, तर प्रवासाच्या कपड्यांचं पुस्तक.

गुळगुळीत कागद, रॉकेलसारखा काहीतरी वास, आणि पानोपानी माणसं निघालेली. खाकी सफारी कोट, कोटाला खिसेच खिसे, रुंद काठाच्या टोप्या, गुडघ्यापर्यंत बूट, मागे आफ्रिकेचा माळ आणि तंबू, तंबूपुढे घडीचं टेबल, टेबलावर किटली. घरी बसलेला माणूस अख्ख्या पुस्तकात नाही. आबांनी ते हातात घेतलं नाही, काठीच्या टोकानं पानं उलटून पाहिलं.

"जावईबुवा, हे कोणं पाठवलं?"

तुम्ही शांतपणे सांगितलं. वर्ध्याच्या बाजारात भेदरं विकत होतात. सेवाग्रामला आलेला एक गोरा माणूस दुकानापुढे थांबला, त्यानं एक लालभडक भेदरं उचललं, टमाट्याला आपण देतो ते नाव त्यालाही शिकवलंत, आणि त्यानं ते उभ्या उभ्या फळासारखं खाल्लं. मग दुसरं. तुम्ही पैसे घेतले नाहीत. त्याच्या अंगावरच्या कोटाकडे पाहत राहिलात. त्यानं कोटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, तुम्ही मान हलवली, बाजूच्या दुकानदारानं तुमचं नाव-गाव त्याला लिहून दिलं. झालं.

"दोन भेदऱ्यायच्या बदल्यात इलायतेतून बुक?" आबा म्हणाले.

"मी काई मांगितलं नोयतं, आबाजी. पण आलं."

यातलं एक अक्षर आम्हाला पटलं नाही. इतकी साधी गोष्ट कोणाला पटते? गावानं आपापल्या परीनं कारणं शोधली. एक म्हणाला, गुलाबरावले आफ्रिकेत नोकरी लागली. दुसरा म्हणाला, नोकरी नाही, सिंह मारायचा ठेका आहे. पुढे आणीबाणी लागली आणि हवाच बदलली. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो हाकेवर, आणि आपल्या घरी परदेशातून टपाल. एक दिवस बाजारात एक अनोळखी, इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस "गुलाबराव कुठं राहते?" विचारत आला, तेव्हा आबांनी पुस्तक गुरांच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात खुपसलं आणि स्वतः त्यावर बसले. तो माणूस तुमच्याकडून वांग्याची रोपं न्यायला आला होता. रोपं घेऊन, चहा पिऊन गेला. आबा तो जाईपर्यंत कुटारावरून उठले नाहीत, आणि नंतर दोन दिवस अंग खाजवत राहिले. पण त्यांचा संशय हलला नाही. उलट म्हणाले, "रोपं नेली म्हणजे काय झालं? असे लोक रोपंच नेतात."

ताईचा संशय वेगळ्या पानावर होता. तंबूपुढे एक मडम दुर्बीण घेऊन उभी होती. शेजारणींनी ताईला ते पान आवर्जून दाखवलं असणार. ताई मला चुलीपाशी बोलावून म्हणाली, "मधू, थे बाई कोण हाय, जरा वाचून पाय."

"ताई, ते फक्त कपडे दाखवायला उभे केलेले लोक असतात."

"मंग इच्याच पानावर घडी काऊन पडली?"

सहा महिन्यांनी दुसरं पुस्तक आलं. त्यातही तीच मडम, फक्त टोपी निराळी. ताईनं मला पान दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "टोपी बदलली." जणू ती बाई मधल्या काळात वर्ध्यापर्यंत येऊन पोचली होती.

मजकूर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी शाळेचा मास्तर. माझं इंग्रजी म्हणजे वरच्या वर्गाला लागणारं, तेही पुस्तकाच्या मागे उत्तरं असतील तर. पण भाऊजींसमोर, आणि तेही संशयित भाऊजींसमोर, नाही येत म्हणायची सोय नव्हती. मी चष्मा सारखा करून वाचायचो आणि जिथं अडायचो तिथं मनानं पूल बांधायचो. तुम्ही मांडी घालून ऐकायचात, मध्ये बोलायचा नाहीत. मला वाटायचं, भोळा आहे माणूस. मग एकदा तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात:

"मास्तर, मागल्या खेपेले हा कोट उंटाच्या कातड्याचा होता."

"असेल."

"आज सुती झाला."

"तो निराळा असेल."

"नाई, थेच पान हाय. पाहा, इथं हळदीचा डाग. माह्या बोटाचा." आणि जरा थांबून, "बरं, उंटाचं असन तरी काई हरकत नाई. पण एक काईतरी ठेवा."

तेव्हा मला कळलं की पाळत दोन्ही बाजूंनी चालू होती. त्यानंतर मला वाचताना घाम फुटायचा. तुम्ही कधी चारचौघांत माझी फजिती केली नाहीत, हे मात्र लिहून ठेवतो. शेजारचे आले की म्हणायचात, "आमचे मास्तर सारं वाचतात." हे कौतुक होतं की धमकी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आपला खरा वाद मात्र वाचण्यावरून नव्हता, पाहण्यावरून होता. प्रत्येक पुस्तकाच्या वरच्या पानावर एक माणूस असायचा. खांद्याला पिशवी, गवतातून चालणारा, आपल्याकडे तोंड करून. मी सहज म्हणालो, "निघाला शिकारीला."

"निघाला कायचा? येऊन राह्यला थो."

"भाऊजी, हे प्रवासाच्या कपड्यांचं पुस्तक आहे. माणूस जायला निघालेला दाखवणार का परत येताना?"

"तोंड कुठं हाय त्याचं? आपल्याकडं. म्हणजे येऊन राह्यला. जाणारा असता तर पाठ दिसली असती." मग तुम्ही पानामागून पान उलटलंत. "पाहा. हा येऊन राह्यला. हेही येऊन राह्यली. सारेच वापस येऊन राह्यले. एकाचीही पाठ दाखवा."

मी शोधली. खरंच नव्हती. एवढ्या माणसांत पाठ एकालाही नाही. पण मास्तर हरला असं होत नसतं. मी म्हणालो, तरी तो जातोच आहे. तुम्ही म्हणालात, येतो आहे. पुढे दर पुस्तकाला हा वाद नव्यानं व्हायचा. मला त्यातही काळंबेरं दिसायचं. हा माणूस परत येण्यावर एवढा जोर का देतो? ज्याच्या मनात जाणं असतं तोच येण्याच्या गोष्टी करतो, असं मी आबांना सांगितलंही. आबा म्हणाले, "तू शिकलेला हायेस," आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या चपलांवर लक्ष ठेवू लागले.

मग ती मापं झाली. पुस्तकात एक नुसत्या रेघांचा माणूस काढलेला असायचा, छाती कुठे मोजायची, बाही कुठून कुठे, असं दाखवायला. एका दुपारी तुम्ही ताईला सुतळी देऊन उभे राहिलात. ताई मापं घेत होती, गाठी मारत होती, आणि दोघंही कशाला तरी हसत होतात. आबांनी ते खिडकीतून पाहिलं. हसण्यानं ते जास्त घाबरले. त्यांच्या हिशोबानं मापं झाली म्हणजे आता फक्त गाडी पकडायची बाकी. घरात प्रवासाला न्यायची एकच वस्तू होती, माझ्या लग्नातला होल्डॉल. आबांनी तो ज्वारीच्या कणगीत पुरला. पुढे मला तळेगावला जाताना तो सापडेना, आणि मी अंथरूण धोतरात बांधून बसमध्ये चढलो. होल्डॉल निघाला उन्हाळ्यात, ज्वारी तळाला गेल्यावर. पण त्या घरातून वळकटी घेऊन निघालेला मी, आणि होल्डॉल लपवला तुमच्या भीतीनं. यातला विनोद तेव्हा फक्त तुम्हाला दिसला होता.

तुम्ही आफ्रिकेला गेला नाहीत, पुलगावला गेलात. मुनीरभाई टेलरच्या दुकानात. मीही बरोबर होतो, अर्थातच कापड निवडायच्या निमित्तानं. तुम्ही खाकी ड्रिलचं कापड, पुस्तक आणि गाठी मारलेली सुतळी असं तिन्ही त्याच्यापुढे ठेवलंत. मुनीरभाईनं चष्मा वर केला.

चित्रातल्या कोटाच्या छातीवर बारीक नळ्यांची एक ओळ होती. "ये क्या है? बीडी का इंतजाम?"

"पेन ठेवायला असतात," मी म्हणालो.

"इतने पेन?"

"मोठे साहेब असतात ते."

त्या काडतुसांच्या नळ्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मुनीरभाईनं मान डोलावली, खडूनं खुणा केल्या, आणि मग चित्र उलटं करून पानाच्या मागे पाहिलं. "गुलाबराव, सामने का तो सब दिखता है. पीठ किधर है?"

आपण तिघांनी मिळून सगळं पुस्तक पालथं घातलं. पाठ नव्हतीच.

"पाठीवर काही नसतं," मी म्हणालो. "साधा कपडा."

"तुमाले काय मालूम? पाहिली का?" तुम्ही म्हणालात. "पुढून येवढे खिसे देणारा माणूस मांगून काऊन कंजूषी करन?"

"तो एक डाल देता हूँ, बड़ावाला. बटन के साथ."

"अहो, पण त्यात हात कोणाचा पोहोचणार?" मी विचारलं. मुनीरभाईनं प्रयत्न करून पाहिला. एक हात खांद्यावरून, एक कमरेवरून, पाठ खाजणाऱ्या म्हशीसारखा तो स्वतःभोवती फिरला. "नहीं पहुँचता, भाई."

तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. "नाई पोहोचत. माहा नाई पोहोचत. टाकजो मुनीरभाई."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं. स्वतःचा हात पोहोचत नाही असा खिसा माणूस पैसे देऊन का शिवून घेतो? मला एकच उत्तर सुचायचं. जिथं स्वतःलाही सहज सापडणार नाही, तिथं दुसऱ्याला तर नाहीच सापडणार. काहीतरी लपवायचं आहे. आणि मी तर लपवलेलं शोधायलाच बसलो होतो.

तो कोट घालून तुम्ही बाजारात बसू लागलात. छातीवरच्या नळ्यांत तुम्ही हिरव्या मिरच्या खोचल्यात, ओळीनं, देठ वर. कोणी वांगी घेतली की त्याच्या पिशवीत वरून टाकायची मिरची तुम्ही छातीवरून उपसून द्यायचात, शिकाऱ्यासारखी. बायका मिरचीसाठी तुमच्याकडून भाजी घेऊ लागल्या. "गुलाबराव, एक गोळी जास्त द्या," असं म्हणत. म्हणजे नळ्यांचा खरा उपयोग बाजाराला माझ्याआधी कळला होता.

पाठीचा खिसा मात्र कायम फुगलेला. कधी चपटा, कधी गोल. त्यात काय आहे हे बघण्याची संधी मला एकदाच मिळाली. आपण केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो, त्या सफारीनं केलेला तो सगळ्यांत लांबचा प्रवास. रांगेत तुम्ही पुढे, मी तुमच्या मागे, माझ्या मागे ताई. गर्दीनं मला तुमच्या पाठीवर ढकललं. मी देवाची माफी मागून हात हळूच त्या बटणावर नेला. वरून काहीतरी गोल, टणक लागलं. डबी. बटण निघतच होतं, एवढ्यात ताईनं माझ्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"मधू, देवाच्या दारात काय करून राह्यला?"

तुम्ही मागे वळलात. "काय झालं जी?"

"काई नाई. डास होता," ताई म्हणाली.

मला वाटलं, ताईनं देवाची लाज राखली. डबीचा संशय मी तसाच घेऊन परत आलो.

आबा गेले, आणि जाण्याआधी त्यांनी मला "ध्यान ठेवजो" एवढंच सांगितलं. मी ठेवलं. वर्षातून दोनदा यायचो, आधी तुमच्या चपला पाहायचो, मग तुम्हाला. एका मे महिन्यात मी परत निघालो होतो, तुम्ही माझी पिशवी बसपर्यंत आणलीत, आणि फाट्यावर उभे असताना म्हणालात, "मास्तर, एक इचारू? ह्या घरातून सामान उचलून गेलं कोण?"

मी हसलो.

"गेले तुमी. अन् संशय माह्यावर."

बस आली. मी चढलो. खिडकीतून काहीतरी म्हणायचं होतं, पण कंडक्टर पैसे मागत होता. उत्तर द्यायचं राहिलं. तुम्ही विहिरीवर उभे राहिलात म्हणून मी फळ्यापुढे उभा राहू शकलो, हे म्हणायचंही राहिलं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याचे आभार कसे मानायचे, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

तुम्हाला अग्नी देऊन घाटावरून परतताना मागे वळून पाहायचं नसतं. मी पाहिलं. सवय. जाळ नीट धरला होता, तुम्ही होतात तिथंच होतात. शेजारचे अण्णा माझ्यावर डाफरले. त्यांना काय सांगणार? इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो, वळून पाहून तुम्ही आहात ना याची खात्री.

काल दुपारी ताईनं तुमचे कपडे काढले. तेरवीनंतर ते देऊन टाकायचे असतात. धोतरं एकाला गेली, सदरे एकाला. सफारीवर बऱ्याच जणांचा डोळा होता. ताईनं ती मांडीवर ठेवून घेतली आणि मला म्हणाली, "पुस्तक आण. फोड."

"त्यांच्या नावाचं आहे."

"मंग कोण फोडन? आण."

मी खाकी कागद काढला. वरच्या पानावर तोच गवताचा माळ, तोच कोट. फक्त या खेपेला माणसाची पाठ होती, भाऊजी. तो आपल्यापासून लांब, दूरच्या एका डोंगराकडे चालला होता. आणि पाठ कोरी. मधोमध एक शिवण, खाली कमरेला पट्टा. खिसा नाही.

म्हणजे मी जिंकलो. माणूस जातो आहे, आणि पाठीवर काही नसतं, दोन्ही माझीच म्हणणी. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल माझ्या बाजूनं लागला आणि समोर हरायला कोणी नाही. मला पुस्तक कुठंतरी कुटारात खुपसावंसं वाटलं.

ताईनं त्या माणसाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "काईच नाई?"

"नाही."

"मंग याच्या मांगून चालणारं कोणी नसन."

मला कळलं नाही. तिनं मांडीवरची सफारी उलटी केली, पाठीच्या खिशाचं बटण काढलं आणि आतून एक गोल डबी काढली. झाकण उघडलं. तंबाखू, चुना, सुपारीची खांडं.

"ताई, तू?"

"आबाले चालत नोयतं ना. घरात कुठी ठेवू? कणगीत त्यायनं होल्डॉल ठेवला होता." तिनं चिमूट काढली. "वावरात जाताना हे पुढं, मी मांगं. चालता चालता हात घालाचा, काढाचं, वापस ठेवाचं. जावयाच्या पाठीचा झाडा कोण घेते?" ती गालात सरकवून म्हणाली, "माप घेतलं ना, तवा मले म्हणे, तुह्यासाठी एक खिसा ठेवू का मांगं? माहा हात नाई पोहोचत, तुहा पोहोचन."

तर त्या घरात लपवाछपवी चालली होती हा आमचा तर्क पक्का होता. फक्त आम्ही दोघे बाप-लेक चुकीच्या माणसावर नजर ठेवून बसलो होतो. केळझरला मनगटावर बसलेली ती चापट मला आत्ता दुखली.

मी विचारून टाकलं. इतक्या वर्षांत जे तुम्हाला विचारता आलं नाही, ते तिला. "ताई, त्यांना जायचं होतं का गं कुठं?"

"मी इचारलं होतं एकदा." तिनं पुस्तक मिटलं. "म्हणे, पान पायतो तेवढा येळ जातो ना मी. मंग वांग्याले पाणी द्याचं असते, वापस येतो."

हे तुम्ही खरंच म्हणाला होतात, की माझ्या समाधानासाठी ताईनं तिथल्या तिथं रचलं, याचा मला थोडा संशय आहे. राहू द्या तो. सगळे एकदम सुटले तर मी काय करू?

आज सकाळी गार वारा सुटला होता. वाफे तुमच्यामागे सुकत चाललेत. शाळेला कळवलं आहे, अजून काही दिवस यायला जमत नाही. किती, ते लिहिलं नाही. ताईनं दारात सफारी माझ्यापुढे धरली. "घाल. थंडी हाय." पोटावर बटणं लागेनात, बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. छातीवरच्या एका नळीत एक वाळलेली मिरची अजून होती, ती तशीच ठेवली. मी फाटकातून पुढे निघालो. ताई मागून निघाली, नेहमीच्या अंतरानं असावी, मी तिला अशी कधी पाहिलेली नव्हती. गाव बघत होतं. विहिरीच्या वळणाशी मागून पाठीवर हात आला, बटण निघालं, खिशात काहीतरी पडलं, बटण लागलं.

मी वळून पाहिलं नाही. खिशात काय आहे तेही मला ठाऊक होतं. तरी सवयीनं एकदा चाचपून बघायला हात मागे नेला, खांद्यावरून, मग कमरेवरून.

नाही पोहोचत, भाऊजी. माझाही नाही पोहोचत.